नाव झाका, निकाल उघडा ठेवा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

घटस्फोटाच्या अपिलाचा निकाल, पोटगीचा आदेश, अपघात-भरपाईच्या प्रकरणातले अपंगत्वाचे वर्णन, फेटाळलेला जामीन अर्ज. यांतले बरेच काही आज पक्षकाराचे नाव शोधपट्टीत टाकले की मोबाइलवर उघडते. हे होऊ लागल्यापासून दोन मागण्या सारख्या कानावर येतात. एक, असे निकाल संकेतस्थळावरून काढूनच टाका. दुसरी, न्यायालय सर्वांना खुले आहे, तेव्हा निकालातला शब्द न् शब्द खुला राहू द्या. निकालांच्या प्रती तयार करणे, त्या तपासणे आणि नाव झाकण्यासाठी अर्ज करणे ही कामे आम्ही जवळून जाणतो, आणि आमच्या मते या दोन्ही मागण्या लोकांचे नुकसान करणाऱ्या आहेत. न्यायाधीशांनी काय ठरवले आणि का ठरवले, हे कुणालाही पूर्ण वाचता आले पाहिजे. ज्या प्रकरणात नावाशिवाय ते समजते, तिथे नाव बाहेर जाता कामा नये. आणि नाव वगळायचे ते निकाल लिहिताना. एकदा प्रत बाहेर पडली की ते पुसून निघत नाही.

खुल्या न्यायाचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १९६४ साली मुंबई उच्च न्यायालयात एका साप्ताहिकाच्या संपादकाविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा चालू होता. आपली साक्ष छापून आली तर धंद्याचे नुकसान होते, असे एका साक्षीदाराने सांगितले आणि साक्षीचा वृत्तांत छापू नये असा तोंडी आदेश न्यायाधीशांनी दिला. पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र शासन’ या नावाने १९६६ साली नऊ न्यायाधीशांसमोर त्याचा निकाल लागला. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या बहुमताच्या निर्णयाने सांगितले की न्याय उघड्यावर व्हावा हाच नियम आहे, मात्र न्यायदानासाठीच गरज पडली तर त्याला मर्यादा घालण्याचा अंगभूत अधिकार न्यायालयाला आहे. न्या. हिदायतुल्ला यांनी भिन्नमत नोंदवले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्याच दुसऱ्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. म्हणजे दोन्ही तत्त्वांच्या मागे सारख्याच आकाराची पीठे उभी आहेत. एकाचे नाव घेऊन दुसरे मोडीत काढता येणार नाही.

मिरजकर प्रकरणाच्या काळात ‘खुले न्यायालय’ याचा अर्थ दालनातली बाके आणि दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र एवढाच होता. जुने निकालपत्र पाहायचे तर प्रकरणाचा क्रमांक माहीत लागे, नकलेचा अर्ज करावा लागे, शुल्क भरून वाट पाहावी लागे. कागद सार्वजनिक होता, पण त्याच्यापर्यंत जायला कारण आणि चिकाटी दोन्ही लागत. त्यामुळे शेजारच्या मुलीची सोयरीक ठरवताना तिच्या आईच्या पोटगीचा निकाल कुणी शोधत बसत नसे. कायद्यातला एक शब्दही न बदलता हे संरक्षण गेले, कारण आता नावच अनुक्रमणिका झाले आहे.

न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट्स प्रकल्पात प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. साधारणपणे त्यात राज्य, जिल्हा, न्यायालयाचा संकेतांक, सहा अंकी प्रकरण क्रमांक आणि वर्ष असते. या क्रमांकात कुणाचेही नाव नाही. पण त्याच प्रकल्पाच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने, वकिलाच्या नावाने, प्रथम खबरी अहवालाच्या क्रमांकानेही शोध घेता येतो. शोधापूर्वी चित्रातली अक्षरे टाइप करावी लागतात, म्हणून यंत्राने सरसकट उपसा करणे थोडे अवघड जाते. मात्र प्रत एकदा तिथून दुसऱ्या संकेतस्थळावर गेली की तो अडसर उरत नाही.

नावे झाकण्याबाबत कायदा गप्प आहे असे अनेकांना वाटते. तसे नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ मध्ये होते. पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या कलम ३३ मध्ये बालकाच्या ओळखीत त्याचे कुटुंब, शाळा, नातेवाईक, शेजार हे सर्व धरले आहे. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ सुद्धा बालकाची ओळख उघड करण्यास मनाई करते. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ च्या कायद्यातले कलम ३४ न्यायालयाला टोपणनाव वापरण्याची मुभा देते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार वैवाहिक खटल्यांचा मजकूर छापायला मनाई आहे. उच्च व सर्वोच्च न्यायालयाचा निकालसुद्धा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीनेच छापता येतो. दंड मात्र एक हजार रुपयांपर्यंत, म्हणून त्याची कुणाला भीती नाही. आणखी एक फट आहे. बलात्काराच्या प्रकरणांत उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल छापणे हा गुन्हा नाही, असे स्पष्टीकरण कायद्यातच आहे. त्यामुळे निकालात नाव राहून गेले तर ते छापणाऱ्याला दोष देता येत नाही. सगळी जबाबदारी निकाल लिहिणाऱ्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने सुमारे दोन दशकांपूर्वीच बजावले होते की कोणत्याही पातळीच्या न्यायालयाने निकालपत्रात पीडितेचे नाव लिहू नये. डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात ते आणखी पुढे गेले: नाव नसले तरी ज्यावरून ती ओळखू येईल असा तपशीलही नको.

तरीही नावे बाहेर पडतात. हेतू वाईट असतो म्हणून नव्हे. एका प्रकरणाचे कागद अनेक असतात आणि काळजी फक्त शेवटच्या कागदावर घेतली जाते.

पहिली गळती प्रकरण दाखल होतानाच होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ प्रमाणे वादपत्रात पक्षकाराचे नाव, वर्णन आणि राहण्याचे ठिकाण द्यावे लागते. समन्स बजावायला बेलिफाला पत्ता हवाच. पण ‘वय सज्ञान, धंदा शेती, रा. मु. पो. अमुक’ हा मथळा वादपत्रावरून आदेशावर, आदेशावरून निकालावर आणि तिथून संकेतस्थळावर जसाच्या तसा उतरतो. कित्येक मथळ्यांत जात आणि धर्मही असे. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा देशभर थांबवण्याचा आदेश दिला. न्यायनिर्णयाला गरज नसलेला तपशील मथळ्यातून कायमचा काढता येतो, हे त्यावरून सिद्धच झाले. पत्त्याचेही तसेच करता येईल: मूळ अभिलेखात पूर्ण पत्ता, सार्वजनिक प्रतीत फार तर जिल्हा.

दुसरी गळती बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी), रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद) आणि मधल्या आदेशांत. अंतिम निकालात ‘पीडिता’ लिहिले, पण तीन वर्षांपूर्वीच्या जामीन आदेशात तिच्या वडिलांचे नाव फिर्यादी म्हणून आले आहे. दोन्ही कागदांवर गुन्हा क्रमांक आणि पोलीस ठाणे एकच. शोधणाऱ्याला दोन मिनिटे पुरतात. म्हणून झाकण्याचा निर्णय पहिल्या तारखेच्या आधी, प्रकरण संगणकावर नोंदवताना झाला पाहिजे. सीआयएस या न्यायालयीन प्रणालीत कायदा आणि कलम भरावेच लागते. त्या नोंदीवरूनच पॉक्सो, लैंगिक गुन्हे, कौटुंबिक वाद, मुलांचा ताबा, दत्तक, मानसिक आरोग्य, गर्भपाताची परवानगी अशा प्रकरणांवर आपोआप खूण पडावी, आणि ती खूण असेपर्यंत बोर्ड, प्रकरणाची स्थिती, रोजनामा व आदेश या सगळ्यांत तीच पर्यायी अक्षरे छापली जावीत. खूण काढायची तर न्यायाधीशांचा लेखी आदेश लागावा. आज याच्या उलट आहे: झाकण्यासाठी आदेश लागतो आणि उघडे पडायला काहीच लागत नाही.

पर्यायी अक्षरे कोणती, हाही साधा प्रश्न नाही. खऱ्या नावाची आद्याक्षरे वापरू नयेत. लहान गावात आद्याक्षरे, वय आणि धंदा मिळून माणूस ओळखू येतो. नावाशी संबंध नसलेली अक्षरे घ्यावीत आणि खालच्या न्यायालयापासून अपिलापर्यंत तीच ठेवावीत. सगळीकडे फुल्या मारल्या तर निकाल वाचताच येत नाही. कुणी कुणाला काय म्हटले, पैसे कुणाच्या खात्यातून गेले, काही कळत नाही. त्यापेक्षा ‘मुलीची आई’, ‘साक्षीदार क्र. ३’, ‘वर्गशिक्षिका’ अशी भूमिकेवरून दिलेली नावे चांगली. वाचणाऱ्याला नात्यांचा उलगडा होतो आणि युक्तिवाद तुटत नाही. आरोपी घरचाच असेल, म्हणजे बाप, काका, सावत्र भाऊ, तर त्याचे नाव ठेवून मुलीचे नाव झाकण्याला काही अर्थ नाही. अशा वेळी आरोपीचेही नाव सार्वजनिक प्रतीतून जावे. शिक्षा झालेल्या माणसाला हा फुकटचा फायदा मिळतो असे काहींना वाटेल. पण संरक्षण मुलीचे आहे, आणि तुरुंग, पोलीस व अपील न्यायालय यांच्याकडे मूळ प्रत असतेच.

पॉक्सोच्या निकालांत सर्वांत जास्त ओळख वयाच्या पुराव्यातून फुटते. वय सिद्ध करायला शाळेचा दाखला लागतो. मग निकालात शाळेचे नाव, जनरल रजिस्टरचा क्रमांक, जन्मतारीख, मुख्याध्यापकाची साक्ष असे सगळे येते. सार्वजनिक प्रतीत एवढे पुरेल: ‘निशाणी अमुकवरील शाळेच्या दाखल्यावरून घटनेच्या दिवशी पीडितेचे वय १४ वर्षे ३ महिने होते हे सिद्ध झाले आहे; दाखला देणाऱ्या मुख्याध्यापकाची उलटतपासणी झाली असून नोंदीबाबत शंका उरलेली नाही.’ कायद्याचा मुद्दा पूर्ण आला, शाळा आली नाही. घटनेची तारीख मात्र काढू नये, कारण मुदत, लागू कायदा आणि शिक्षेचे कलम त्यावर ठरते. वैद्यकीय तपासणीच्या बाबतीत आमचे म्हणणे आणखी कडक आहे. शरीराचे वर्णन निष्कर्षाला लागेल तेवढेच घ्यावे. अहवालातला परिच्छेद उचलून निकालात चिकटवायची गरज क्वचितच असते.

पोटगीच्या प्रकरणांत हीच अडचण पैशांबाबत येते. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले, ते योग्यच झाले. पण त्यातला पगाराचा तक्ता, बँक खात्याचा क्रमांक, कर्जाचा हप्ता, मुलांच्या शाळेची फी हे सगळे निकालात उतरले तर घराचा हिशेब चव्हाट्यावर येतो. रक्कम ठेवावी, ती नसेल तर पोटगी कशी ठरली हे कुणालाच समजणार नाही. खाते क्रमांक, आधार, फोन आणि मालकाच्या कंपनीचे नाव काढावे.

आता मराठीतल्या निकालांविषयी. इंग्रजी निकालात ‘शोधा आणि बदला’ ही आज्ञा देऊन एक नाव बऱ्यापैकी बदलता येते. मराठीत ती आज्ञा धोक्याची आहे. ‘सातारा’ बदलले तरी ‘साताऱ्यात’ आणि ‘साताऱ्याहून’ तसेच राहतात. ‘काळे’ बदलले तरी ‘काळ्यांच्या’ राहते. ‘गंगा’ जाते, ‘गंगेला’ राहते. ‘ऱ्या’ संगणकात दोन वेगळ्या पद्धतींनी साठवला जातो, त्यामुळे डोळ्यांना एकच दिसणारा शब्द शोधात सापडत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेली कागदपत्रे तर आणखी फसवी. पडद्यावर मराठी दिसते, पण आत भलतीच रोमन अक्षरे असतात, म्हणून तपासणाऱ्याला नाव मिळत नाही. पुढे कुणी त्याच पानाचे चित्र घेऊन अक्षर-ओळख चालवली की ते लख्ख मिळते. शिवाय चौधरीसारखे आडनाव इंग्रजी जोडपत्रांत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेले सापडते. म्हणून नावाचे मूळ अंग, म्हणजे बदलत नाही तेवढाच भाग घेऊन शोध घ्यावा, देवनागरी आणि रोमन दोन्हींत घ्यावा, आणि शेवटी एका माणसाने फक्त नावांसाठी प्रत पहिल्या ओळीपासून वाचावी. ज्याने निकाल टंकला त्याने हे वाचन करू नये. त्याला नाव माहीत असते, त्यामुळे डोळा त्यावरून घसरतो.

पीडीएफवर काळी पट्टी ओढणे ही सर्वांत मोठी फसगत. पट्टी हे फक्त वरचे चित्र असते. खालचा मजकूर माउसने निवडून दुसरीकडे चिकटवला की नाव समोर येते. स्कॅन केलेल्या प्रतीतही अक्षर-ओळखीचा अदृश्य थर असतो, तो पट्टीखाली शाबूत राहतो. नाव मूळ टंकलेल्या फाईलमध्येच बदलावे आणि त्यावरून नवी पीडीएफ काढावी. त्यानंतर फाईलचे गुणधर्म पाहावेत, कारण शीर्षकाच्या रकान्यात वादी-प्रतिवादींची नावे राहिलेली असतात. फाईलचे नाव सीएनआरवरून द्यावे, पक्षकारावरून नव्हे. शेवटची चाचणी: सगळा मजकूर निवडायचा, साध्या नोटपॅडमध्ये चिकटवायचा आणि तिथे नाव शोधायचे. याला दोन मिनिटे लागतात.

या सगळ्यासाठी दोन प्रती लागतील हे उघड आहे. मूळ प्रत अभिलेखात राहील. हुकूमनामा, दरखास्त (त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज), वॉरंट, तुरुंगाला जाणारा आदेश आणि पक्षकारांना मिळणारी प्रमाणित नक्कल तिच्यावरूनच निघतील, कारण नाव नसलेल्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी कुणी करू शकत नाही. दुसरी प्रत लोकांसाठी. कोणते अक्षर कुणासाठी, याची एक पानी सूची मोहोरबंद पाकिटात मूळ कागदांना जोडावी, म्हणजे अपिलात घोटाळा होणार नाही.

सर्च इंजिनबाबत थोडे तांत्रिक, पण इथेच सर्वाधिक चूक होते. संकेतस्थळाच्या ‘रोबोट्स’ फाईलमध्ये मनाई लिहिली म्हणजे पान शोधात येणार नाही, असा समज आहे. ती मनाई यंत्राला पान वाचण्यापासून रोखते. दुसऱ्या कुणी त्या पानाचा दुवा दिला असेल तर पत्ता निकालांत तरीही दिसू शकतो. शोधातून वगळायचे असेल तर ‘नोइंडेक्स’ ही सूचना द्यावी लागते, आणि पीडीएफसाठी ती सर्व्हरने फाईलसोबत जाणाऱ्या तांत्रिक नोंदीत (हेडरमध्ये) पाठवावी लागते. दोन्ही एकदम लावले तर उलटाच परिणाम होतो: वाचायलाच मनाई असल्याने यंत्र ‘नोइंडेक्स’ची सूचना पाहतच नाही. कॅनडाच्या मोफत निकालसंग्रहाने आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सेवेने निकाल सर्वांना वाचायला खुले ठेवले, पण सर्च इंजिनांना आत घेतलेले नाही. त्या संकेतस्थळावर जाऊन शोधा, सगळे मिळते. कुणाचे नाव सहज टाकून पाहणाऱ्याला मिळत नाही. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या खटल्यातून सुटलेल्या एका व्यक्तीच्या बाबतीत अंतरिम आदेशाने हाच मार्ग धरला होता: निकाल राहू द्या, सर्च इंजिनातून त्याच्यापर्यंतची वाट बंद करा.

ही वाट उघडी ठेवली तर काय होते तेही कॅनडात दिसले. रोमानियातून चालणाऱ्या एका संकेतस्थळाने तिथले निकाल उचलले, नावांसह सर्च इंजिनांना खुले केले आणि काढून टाकण्यासाठी लोकांकडून पैसे मागितले. जानेवारी २०१७ मध्ये कॅनडाच्या फेडरल कोर्टाने त्याविरुद्ध आदेश दिला. तिथे मूळ निकालसंग्रहाने काळजी घेतलेली होती, तरी हे घडले. आपल्याकडे तर नोकरी देण्यापूर्वी उमेदवाराची पार्श्वभूमी तपासून देणारे नाव टाकूनच शोध घेतात. एकाच नावाची माणसे आपल्याकडे एका तालुक्यातही अनेक सापडतात, त्यामुळे ज्याचा खटल्याशी काही संबंध नाही त्याच्याही पदरी संशय पडतो. यंत्राला साध्या भाषेत प्रश्न विचारून उत्तर काढण्याची साधने आल्यावर हा धोका वाढला आहे. नाव माहीत नसले तरी गाव, वर्ष आणि आजार सांगून माणसापर्यंत पोहोचता येते.

म्हणून निकालच काढून टाकावा का? नाही, आणि हे आम्ही जोर देऊन सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने निर्दोष सुटलेल्या एका व्यक्तीचा निकाल इंडियन कानून या संकेतस्थळावरून काढण्यास सांगितले. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. निर्दोष सुटलेल्याची वेदना खरी आहे. पण त्याच्या हाती असलेला सर्वांत भक्कम कागद तो निकालच असतो. निकाल गेला तर अटकेच्या दिवशीची बातमी राहते आणि सुटकेचा पुरावा नाहीसा होतो. त्याच्यासाठी योग्य उपाय तीन: नावाने शोध बंद करणे, सार्वजनिक प्रतीच्या पहिल्या ओळीत ‘निर्दोष मुक्तता’ असे ठळक लिहिणे, आणि जामीन किंवा कोठडीच्या जुन्या आदेशांवरही ती नोंद जोडणे. हा तिसरा उपाय कुणी सुचवताना दिसत नाही, पण तो सर्वांत स्वस्त आहे. सगळे आदेश एकाच सीएनआरखाली असतात.

झाकण्याचा अतिरेकही आपल्या घरचाच आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या प्रकरणांसाठी सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने मार्गदर्शक सूचना दिल्या. नावांऐवजी अक्षरे, ई-मेल-फोन-पत्ता नको, साक्षीदारांची नावे नकोत, हे सर्व उत्तम. पण प्रकरणाच्या गुणदोषांवरचे आदेश संकेतस्थळावर टाकायचे नाहीत, ते खुल्या न्यायालयात सांगायचे नाहीत, आणि सार्वजनिक करायचे तर वेगळा आदेश हवा, हेही त्यात होते. याने तक्रारदार स्त्रीचेच नुकसान होते. अंतर्गत समितीने चौकशी कशी करावी, उलटतपासणीला किती वाव द्यावा, विलंब केव्हा माफ होतो, हे समित्यांना आणि तक्रारदारांना निकालांतूनच शिकायचे असते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ मध्येच मुभा आहे की ओळख न देता पीडितेला मिळालेल्या न्यायाची माहिती प्रसृत करता येईल. कायदा नाव झाकायला सांगतो, न्याय झाकायला सांगत नाही. केरळ उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये घेतलेली भूमिका आम्हाला अधिक पटते: चालू खटल्यात विस्मृतीचा हक्क, म्हणजे आपली जुनी माहिती पुसून घेण्याचा हक्क, मागता येणार नाही, पण कौटुंबिक, बाल न्याय आणि बंद दालनातल्या प्रकरणांत पक्षकाराने मागणी केली तर कार्यालयाने त्याची ओळख संकेतस्थळावर देऊ नये. आमचा मतभेद एवढाच की या वर्गात मागणीची वाट पाहू नये. ज्याला हे सगळ्यांत जास्त लागते, त्याला असा अर्ज करता येतो हेच माहीत नसते.

काय झाकू नये, याबद्दल तडजोड नको. न्यायाधीश, वकील, लोकसेवक म्हणून वागलेले अधिकारी, कंपन्या, बँका, संस्था, निवडणुकीतले उमेदवार, भ्रष्टाचाराच्या आणि आर्थिक गुन्ह्यांच्या खटल्यांतले आरोपी यांची नावे राहिलीच पाहिजेत. फ्रान्सने २०१९ च्या कायद्याने न्यायाधीशांच्या नावावरून त्यांच्या निकालांचे विश्लेषण करण्यावर बंदी घातली. ते अनुकरण इथे होऊ नये. कोणते न्यायालय जामीन कसा देते याचा अभ्यास लोकशाहीला लागतो. जमिनीच्या दाव्यांत तर नावाने शोध चालूच राहावा. दावा चालू असताना घेतलेल्या जमिनीवर निकाल बंधनकारक असतो, तेव्हा खरेदीदाराला विक्रेत्याच्या नावाने दावे पाहता आले नाहीत तर त्याची आयुष्याची पुंजी बुडू शकते. म्हणजे नावाने शोध सरसकट बंद किंवा सरसकट चालू, असे करता येणार नाही. प्रकरणाच्या वर्गावर ते ठरवावे लागेल, आणि वर्ग सीआयएसमध्ये आधीपासून आहेत.

या वर्गांबाहेर कुणाला नाव झाकून हवे असेल तर केवळ ‘प्रतिष्ठेला धक्का’ हे कारण पुरू नये, नाहीतर ऐपतवाले वकील लावून नावे पुसून घेतील आणि गरिबांची तेवढी राहतील. कोणती हानी, ती नाव उघड राहिल्याने कशी होते, नाव न झाकता ती टाळता येते का, आणि किती काळासाठी झाकायचे, याची उत्तरे लेखी आदेशात यावीत. मिरजकर प्रकरणाचे मूळ एका तोंडी आदेशात होते हे विसरू नये. निकड असेल तर अर्ज आल्याबरोबर ४८ तासांसाठी प्रत तात्पुरती बाजूला ठेवावी आणि तेवढ्यात निर्णय घ्यावा. प्रत बदलली तर तिच्यावर तारखेसह लिहावे: ‘या प्रतीतील ओळख पटवणारा तपशील वगळला आहे, निर्णयात बदल नाही.’ बदललेल्या प्रतींची सीएनआरनिहाय यादी रोज प्रसिद्ध व्हावी, म्हणजे निकाल घेणाऱ्या इतर संकेतस्थळांना आपली जुनी प्रत बदलायची आहे हे कळेल. त्या यादीत नावाची गरजच नाही. आज न्यायालयाने प्रत दुरुस्त केली तरी बाहेरच्या प्रती तशाच राहतात, कारण सांगणारी व्यवस्थाच नाही.

मनुष्यबळाचा प्रश्न विचारला जाईल. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. प्रत्येक जिल्हा न्यायालयात नावे तपासणारा एक प्रशिक्षित वाचक नेमणे त्या मानाने किरकोळ आहे. यंत्राने नावे हेरावीत, पण शेवटची सही माणसाची असावी. युरोपीय संघाचे न्यायालय १ जुलै २०१८ पासून व्यक्तींच्या नावांऐवजी आद्याक्षरे वापरू लागले. पण एकसारख्या आद्याक्षरांची प्रकरणे ओळखणे अवघड होऊ लागले, म्हणून जानेवारी २०२३ पासून ते संगणकाने तयार केलेली काल्पनिक नावे देते. आपणही पहिल्या दिवसापासून उल्लेख करता येईल असे एक छोटे शीर्षक प्रत्येक झाकलेल्या प्रकरणाला द्यावे. वकिलांना युक्तिवादात ते बोलता आले पाहिजे.

वर्तमानपत्रांकडेही एक मागणी आहे, आणि म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहिले. अटकेची बातमी आपल्या संकेतस्थळावर वर्षानुवर्षे राहते आणि सुटकेची बातमी बहुधा येतच नाही. जुनी बातमी काढू नका. ती इतिहासाचा भाग आहे. मात्र निकालाची प्रत दाखवून कुणी विनंती केली, तर बातमीच्या वरच्या बाजूला न्यायालय, तारीख, प्रकरण क्रमांक आणि ‘या खटल्यात निर्दोष मुक्तता झाली आहे’ एवढी नोंद घाला, आणि गुन्हा किरकोळ असून व्यक्ती सार्वजनिक जीवनातली नसेल तर त्या पानाला ‘नोइंडेक्स’ लावा. अशी विनंती कुठे करायची, त्याचा ई-मेल पत्ता संकेतस्थळाच्या तळाशी द्या.

आपले,
न्यायालयीन अभिलेखांच्या संगणकीकरणाशी संबंधित काही वकील व तंत्रज्ञ